सात घरांची भवानी

माझ्या वडिलांचा हात चांगला आहे, असं मोताळ्याच्या बाजारात मानलं जायचं. हात चांगला म्हणजे त्यांनी कुणाला कधी सढळपणे काही दिलं होतं असं नव्हे. तसा प्रसंग त्यांनी स्वतःवर येऊच दिला नाही. हात चांगला म्हणजे त्यांच्या हातून दिवसाची पहिली विक्री झाली की त्या दुकानदाराचा माल खपतो, अशी समजूत होती. एकदा त्यांनी एका कांदेवाल्याकडून सकाळी पहिल्यांदा कांदे घेतले आणि तासाभरात कुठल्याशा लग्नघरच्या माणसांनी येऊन त्याची दोन पोती उचलली. लग्न त्यांच्या घरचं, कांदे कांदेवाल्याच्या शेतातले, आणि श्रेय मात्र बाबांच्या हाताला गेलं. बाबांनीही ते नाकारलं नाही.

पहिल्या विक्रीला आमच्याकडे बोहनी म्हणतात. बाबा स्वतःला शुद्ध बोलणारे समजत, म्हणून ते भवानी म्हणायचे. विकणारा माणूस पहिल्या गिऱ्हाइकाला सहसा रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. पहिलं गिऱ्हाईक मोडलं की दिवस मोडला, असं तो मनापासून मानतो. म्हणून तो भाव उतरवतो, वेळ पडली तर पदरचं घालतो, आणि आलेलं नाणं आधी तराजूला आणि मग कपाळाला लावतो. ही त्याची श्रद्धा आहे. समोरच्याची श्रद्धा दिसली की तिचा फायदा कसा उचलायचा, हे पगारदार माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

बाबा आठवडी बाजाराला जायचे ते दुकानं मांडली जाण्याआधी. विकणारे अजून गाठोडी सोडत असत, कुणी जमीन झाडत असे, आणि आमचे वडील पिशवी काखोटीला मारून मध्ये उभे. एकाच माणसाकडून सगळं घेणं त्यांना पटत नसे. मिरच्या एकाकडून, वांगी दुसऱ्याकडून, लसूण तिसऱ्याकडून, म्हणजे प्रत्येक ठिकाणी आपणच पहिले. कुणी भाव धरून बसला की ते अगदी मायेने म्हणायचे, "बघ बुवा, भवानीची वेळ आहे. मी उठून गेलो तर तुझंच नुकसान." तो बिचारा वजन करायचा. घरी आल्यावर बाबा पिशवी आईसमोर ओतायचे आणि सांगायचे, "त्यांचंही भलं आणि आपलंही भलं." मी लहान होते तोवर मला हे खरं वाटायचं.

महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद नवी होती, पंचायत समिती तर रंगाचा वास जायच्या आतली होती. बाबा तिथे कारकून. कचेरीच्या मागे एका रांगेत सात घरं बांधली होती. सहांत आमच्यासारखी कारकून, पर्यवेक्षक अशी मंडळी, आणि रांगेच्या शेवटी गटविकास अधिकाऱ्यांचा बंगला. तो बंगलाही खरं तर घरच होतं, फक्त त्याला पुढे व्हरांडा जास्त होता. जो तो 'विकास' हा शब्द तोंडात पान असल्यासारखा घोळवत असे. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला गर्व होता, हेही सांगून टाकते.

आमची अडचण एकच होती. बाजार आठवड्यातून एकदा. त्या दिवशी आणलेली पालेभाजी तिसऱ्या दिवशी टाकून द्यायची वेळ यायची, मग उरलेले दिवस वरण आणि पिठलं. अशात एका श्रावणात एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली आणि आमच्या रांगेसमोर, कचेरीच्या गोदामाच्या भिंतीला टेकून बसली. पाटीत मेथी, आंबटचुका, वांगी, हिरव्या मिरच्या, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. सगळं तिच्या हातचं. पहाटे तोडलेलं, पाण्याचे थेंब अजून तसेच.

ती तिशीच्या आसपासची असेल. आईने पहिल्याच दिवशी तिची चौकशी केली, आणि तिनेही काही न लपवता सांगितलं. नवरा मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. शेत एकत्र, कारभार जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, हातात. विहिरीजवळचा एक पट्टा तिने भाजीसाठी मागून घेतला होता.

"जेठ म्हनते, दिवाळीलोक धंदा बसला तं पट्टा तुह्या," ती आईला म्हणाली. "नाई बसला तं पुढच्या मिरगाले हिरीच्या काठालोक पऱ्हाटी. मंग मी बी दुसऱ्याच्या वावरात येचाले जाईन."

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. आमच्या भागात कपाशी कुठेही घुसते, तिला जागा द्यायला माणसं एका पायावर तयार असतात. म्हणजे श्रावण ते दिवाळी एवढीच मुदत होती. आपल्या हाताने पेरायचं आणि आपल्या हाताने विकायचं, की रोजाने दुसऱ्याचा कापूस वेचायचा, एवढं त्या पाटीवर ठरणार होतं. हे आमच्या सातही घरांना ठाऊक होतं. न कळून झालं असं म्हणायला आम्हाला जागा नाही.

पहिले दहा-बारा दिवस तिचं बरं चाललं. आज आम्ही मेथी घ्यायचो, शेजारचे वांगी घ्यायचे, पलीकडच्या काकू मिरच्या-सांबार. रोज दोन-तीन घरं तरी घ्यायचीच. कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी उपकार करत नव्हतं. भाजी ताजी होती म्हणून घेत होतो. दुपारी बाराच्या आत पाटी रिकामी व्हायची आणि ती चुंबळ झटकून घरी जायची.

मग आमच्या मंडळींना तिला मदत करायची सुबुद्धी झाली.

बंगल्यातल्या बाईसाहेब पुण्याकडच्या. त्यांनी महिला मंडळ काढलं होतं. त्याच्या सभेत कधी अंबर चरख्यावर बोलणं व्हायचं, कधी निर्धूर चुलीवर, आणि शेवटी पोहे. एका सभेत त्यांनी छोट्या विक्रेत्यांवर भाषण केलं. आपल्या दाराशी एक कष्टाळू स्त्री स्वतःच्या पायावर उभी राहू पाहते आहे, तिच्या पाठीशी आपण सर्वांनी खंबीरपणे उभं राहिलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बंगल्यावरची भाजी शिपाई आणायचा, तीही बाजारातून, त्यामुळे ही स्त्री नेमकी कुठे बसते हे त्यांना विचारावं लागलं. तिला बोलावून आणलं. नारळ आणि खण दिला. ती पाटी बाहेर ठेवून आली होती आणि तिचं सगळं लक्ष पाटीकडे होतं, कारण गल्लीत बकऱ्या होत्या. बाईसाहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "मले बोलता नाई येत. वांगे चांगले हायेत आज." सगळ्या हसल्या. बाईसाहेब तर किती गोड बोलली म्हणून कौतुकाने हसल्या. वांगी एकीनेही घेतली नाहीत.

आता पाठीशी उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असा प्रश्न निघाला. हा प्रश्न सभेत पडावा, याचीच मला आज कीव येते. समोर बाई बसली आहे, तिच्याकडे भाजी आहे, तुमच्या घरी चूल आहे. पण ते इतकं सोपं असलं तर मग मंडळ कशाला हवं? खुर्च्या उचलायला म्हणून बाबा आले होते. त्यांनी घसा साफ केला आणि उपाय सुचवला. धंद्यात सगळ्यात महत्त्वाची भवानी. ती चांगल्या घरून, प्रसन्न मनाने झाली पाहिजे. आपली घरं सात, वार सात. रोज एका घराने तिची भवानी करायची. कुणावर भार नाही, आणि तिला रोजची खात्री.

"किती सुटसुटीत," बाईसाहेब म्हणाल्या.

तक्ता मी केला. सायक्लोस्टाईलच्या जुन्या कागदाच्या पाठीवर, तांबड्या शाईची चौकट आखून, वार डावीकडे आणि घरं उजवीकडे. आमच्या वाट्याला बुधवार. बंगल्याच्या वाट्याला नेमका बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी त्यांचा शिपाई बाजाराला जाणार, म्हणून बंगल्याची भवानी कधीच झाली नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं होतं, पण साहेबांच्या घरच्यांना सांगणार कोण? तक्ता आमच्या दारावर खिळ्याने ठोकला, आणि दोन दिवस येणारा-जाणारा माझ्या अक्षराचं कौतुक करत होता.

त्या तक्त्याने काय झालं ते सांगते. भवानीला भाव कमी लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. मग आपला वार असताना स्वस्तात मिळणारी मेथी इतर दिवशी पुऱ्या भावाने कोण घेईल? प्रत्येक घर आपल्या वाराची वाट पाहू लागलं. त्या दिवशी दोन-तीन दिवसांची भाजी घ्यायची, भवानी म्हणून भाव पाडायचा, वर मूठभर मिरच्या आणि सांबार मागायचं, आणि बाकीचे दिवस पिठलं. पूर्वी रोज दोन-तीन घरं घेत होती, आता एकच घर घेऊ लागलं, तेही तिला काही न उरेल अशा भावात. आणि सातही घरं आपण तिला जगवतोय अशा थाटात वावरत होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. यात लबाडी असती तर निदान कुणी पकडली तरी असती, पण हा निव्वळ चांगुलपणा होता आणि त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं.

दुपार झाली तरी पाटी अर्धी भरलेली दिसू लागली. ती ओल्या फडक्याने भाजी झाकायची, परत परत पाणी शिंपडायची. त्या रस्त्याने कचेरीची माणसं सोडली तर फारसं कुणी जात नसे. चारच्या सुमाराला सावली सरकली की आमच्याच घरांतून एक-दोघी बाहेर पडायच्या आणि म्हणायच्या, "उरलं असेल तर दे हो, उद्या टाकूनच देणार ना?" आणि मलूल जुड्या जवळजवळ फुकट घेऊन जायच्या. पहिलं गिऱ्हाईक भवानीचं, शेवटचं गिऱ्हाईक उरल्यासुरल्याचं. मधल्या वेळी ती एकटी बसून असायची.

एका बुधवारी आईने मला पिशवी देऊन पाठवलं. बाबा दौऱ्यावर होते. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी भाव पाडला. तिने जुड्या मोजून दिल्या, नाणं तराजूला लावलं, कपाळाला लावलं. मग म्हणाली,

"पोरी, एक इचारू? राग नको मानू."

"विचारा ना मावशी."

"बोहनी तं रोज होऊन राह्यली. बोहनीच्या मागचं गिऱ्हाईक कुठी गेलं?"

मी जुड्या पिशवीत भरू लागले.

"तुमच्या दारावर कागद हाये म्हनते. कोनं लेयला थो?"

"मी लिहिला."

"अक्षर चांगलं हाये म्हनते सारे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "मले वाचता नाई येत. थो कागद फाड असं मी नाई म्हनत. तू फक्त उद्या ये. उद्या तुमचा वार नाई ना? म्हून उद्या ये. बोहनी झाल्यावर ये. एक जुडी ने, पन भाव देऊन ने. कोनी पाह्यलं तं दुसरं बी येईन."

एवढंच तिने मागितलं होतं. नारळ नको, खण नको, भाषण तर नकोच. ज्या दिवशी उपकाराची पाळी नाही त्या दिवशी यायचं, मागेल तो भाव द्यायचा, आणि इतरांना दिसेल असं उभं राहायचं. याहून साधी गोष्ट मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

संध्याकाळी बाबा आल्यावर मी हळूच विषय काढला. उद्या एक जुडी आणू का, असं मी विचारलं. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"उद्या गुरुवार. पर्यवेक्षकांचा वार आहे."

"त्यांची भवानी झाल्यावर घेईन ना. पुऱ्या भावाने."

"पुऱ्या भावाने कशाला? बुधवारी तीच जुडी कमी भावात मिळते. आणि एकाने नियम मोडला की सगळे मोडतील. मग तिची रोजची खात्री कुठे राहिली?"

आई चुलीपाशी होती. ती सहसा मध्ये बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "मला उद्या मेथी लागणार आहे."

"पिठलं कर," बाबा म्हणाले.

आईने पिठलं केलं. गुरुवारी मी गेले नाही. त्यापुढच्या गुरुवारीही गेले नाही. आमच्याकडे मुलींच्या हातात पैसे देत नसत, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. एका जुडीचे पैसे आईने फडताळातल्या डब्यातून काढून दिले असते. मी मागितले नाहीत.

नवरात्र उलटलं आणि आमचा बुधवार आला. बाबा स्वतः निघाले, मला पिशवी धरायला सोबत घेतलं. सकाळची वेळ, ती नुकतीच बसली होती. पाटीवर फडकं अजून होतं.

"हं, काढ. भवानी करू," बाबा उकिडवे बसत म्हणाले.

"या बाबूजी," ती म्हणाली. "बोहनी झाली जी."

बाबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"झाली? कोणी केली?"

"म्याच केली."

तिने मागे ठेवलेली एक मेथीची जुडी काढून दाखवली. ही तिने घरच्यासाठी घेतली होती. पदराच्या गाठीतून पैसे सोडले होते, तराजूला लावले होते, कपाळाला लावले होते आणि धंद्याच्या बटव्यात टाकले होते. हे सगळं तिने इतक्या सरळपणे सांगितलं, की त्यात काही वावगं आहे हे बाबांनाच सिद्ध करावं लागलं असतं.

"स्वतःची भवानी स्वतः? असं कुठे असतं काय वं?" बाबांचं शुद्ध मराठी रागाच्या भरात पार गळून पडायचं.

"काऊन नाई? पुरा भाव देल्ला म्या. बोहनीले पुरा भाव देनारं दुसरं कोनी भेटलंच नाई, तं काय करू?" आणि मग समजुतीने, "आता तुमी घ्या बाबूजी. आता काई आडकाठी नाई. घ्याचं तं घ्या, नाई तं राहू द्या. मोडलं तरी दिवस मोडत नाई माह्या आज."

मला हसू आलं, आणि मी ते गिळलं. आयुष्यात काही हसू गिळल्याचा पश्चात्ताप होतो, त्यातलं ते एक आहे. बाबा उठले, धोतर झटकलं आणि रिकामी पिशवी तशीच घेऊन आम्ही घरी आलो. चार पावलांचं अंतर, पण त्या चार पावलांत बाबांनी तिला कृतघ्न, उर्मट आणि नास्तिक ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभाच भरली. पर्यवेक्षक म्हणाले, चोर तो चोर वर शिरजोर. काकू म्हणाल्या, मी तर तिला शिळ्या पोळ्यासुद्धा देत होते. बाईसाहेबांनी निरोप पाठवला की त्यांना फार वाईट वाटलं, आपण यांच्यासाठी एवढं करतो आणि यांना त्याचं काहीच नसतं. तिने काय चोरलं होतं हे कुणी विचारलं नाही. तिने आमच्याकडून आमचा पहिला नंबर काढून घेतला होता, आणि तो गेल्यावर आमच्याजवळ तिला देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. पुरा भाव देणं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तक्ता काढला गेला. बाबांनी खिळा मात्र जपून ठेवला.

"चार दिवस कुणी घेऊ नका," बाबा म्हणाले. "येईल वठणीवर."

चार दिवसांचे आठ झाले. मी शाळेत जाताना तिच्या समोरून जायचे. नजर चुकवायला मी पुस्तक उघडून चालायचे, जणू परीक्षा दारात आली होती. एकदा तिने हाक मारली.

"पोरी, मेथी नेतं का? लय कवळी हाये."

"नको मावशी, घरी आहे भाजी."

घरी पिठलं होतं. तिला ते ठाऊक असणार, आमच्या घरातला फोडणीचा वास तिच्यापर्यंत रोज जात होता. "बरं माय," ती म्हणाली आणि पाटीवर पाणी शिंपडू लागली.

मला अजूनही राग येतो तो बाबांचा नव्हे. बाबा जसे होते तसेच होते, त्यांना त्यात काही चूक दिसतच नव्हती. मला दिसत होती. ज्याला दिसतं आणि जो पुस्तकात तोंड खुपसतो, त्याच्यासारखा नालायक दुसरा नाही. पुढे आयुष्यभर मी छोट्या दुकानदारांबद्दल हळहळणारी माणसं पाहिली. बिचारे किती कष्ट करतात हो, असं म्हणतात, दहा वस्तू हाताळतात, आणि रिकाम्या हाताने पुढे जातात. त्यांना पाहिलं की मला आमची सात घरं आठवतात, आणि त्या रांगेतली मीही.

दिवाळीच्या आधी पाच-सहा दिवस ती यायची बंद झाली. गोदामाच्या भिंतीला तिच्या पाठीचा डाग तेवढा राहिला होता. आठवडाभरात आमच्या रांगेत हळहळ सुरू झाली. ताजी मेथी मिळेना, सांबाराशिवाय भाजीला चव येईना. काकू म्हणाल्या, ह्या लोकांना चिकाटीच नाही. बाबांनी कचेरीत कुठल्याशा टिपणात, स्थानिक विक्रेत्यांमध्ये व्यवसायबुद्धीचा अभाव आहे, असं लिहिलं, आणि ते वाक्य घरी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. बाईसाहेबांनी पुढच्या सभेत परसबागेवर भाषण केलं. पोहे होते.

त्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी बाबांबरोबर मी गेले होते. नेहमीसारखे आम्ही लवकर. एक म्हातारा वांगीवाला पोतं अंथरत होता. बाबा त्याच्यासमोर बसले, एकेक वांगं देठाला धरून फिरवू लागले आणि भवानीची वेळ असल्याची त्याला आठवण करून दिली. म्हाताऱ्याने भाव सांगितला, बाबांनी अर्धा केला, म्हाताऱ्याने थोडा सोडला, बाबा उठायचं सोंग करून परत बसले.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. मी वळून पाहिलं. ती होती. लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले, हाताची बोटं बोंडांनी ओरखडलेली. हातात छोटी पिशवी. तिने मला ओळखलं, मान हलवली.

"बाई, तुमाले काय पायजे?" म्हाताऱ्याने बाबांच्या खांद्यावरून विचारलं. त्यालाही बहुधा सुटका हवी होती.

"होऊ द्या त्याइची बोहनी," ती म्हणाली. "मी मंग घेतो."

बाबांनी तो आवाज ओळखला. त्यांची मान ताठ झाली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. भाव मात्र आणखी पाडला. वजन झाल्यावर वरून दोन वांगी घातली, ती त्यांनी स्वतःच उचलून घातली, पैसे दिले आणि मिरचीवाल्याकडे गेले. मी पिशवी घेऊन तिथेच राहिले.

ती पुढे झाली. भाव विचारला. म्हाताऱ्याने सवयीने पहिलाच, चढा भाव सांगितला आणि घासाघीस सुरू होण्याची वाट पाहत थांबला.

"हाव, बरोबर हाये. अर्धा किलो करा," ती म्हणाली.

म्हातारा गोंधळला. त्याने पटकन तराजू उचलला. वांगी घालताना एक किडकं लागलं ते तो बाजूला टाकू लागला, तर ती म्हणाली, "असू द्या बाबा. तेवढं कापून टाकतो. मले ठावं हाये, वांग्याचं असंच असते." तिने पैसे दिले, पिशवीत वांगी घेतली. जी बाई त्याच वांग्यांची पाटी भरून रोज आमच्या दारात बसत होती, ती रोजाच्या पैशातून वांगी विकत घेत होती, आणि विकणाऱ्याला जे हवं असतं ते सगळं न मागता देत होती. म्हाताऱ्याने उरलेली वांगी नीट रचली, देठ एका बाजूला करून.

मला लाज वाटली. पण लाजेने कुणाची भाजी विकली जात नाही.

ती जायला निघाली आणि बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. "ये पोरी," ती म्हणाली, "आता तू घे. चांगले हायेत वांगे."

तेवढ्यात पलीकडून बाबांनी हाक मारली. "चल लवकर, ह्याची भवानी व्हायचीय अजून."

ती उभीच होती, जागा करून. म्हातारा तराजू धरून माझ्याकडे पाहत होता. मी पिशवी उचलली आणि बाबांकडे गेले.